तारखेची पारख

डेटाबेसमधल्या जन्मतारखेच्या रकान्यात ०२/३०/१९४८ असे लिहिलेले सापडले, तर ही तारीख चुकीची आहे हे सांगायला कॅलेंडर पुरते. फेब्रुवारीला तीस दिवस नसतात. ०५/०६/१९४८ असे सापडले, तर मात्र कॅलेंडर काहीच बोलत नाही. तो ५ जून असेल किंवा ६ मे. आणि एखाद्या हयात माणसापुढे ०५/०६/१८४८ असे असेल, तर ती तारीख कॅलेंडरात बसते, पण माणसाच्या आयुष्यात बसत नाही.

तारखा तपासण्याच्या कामात म्हणूनच अनेक प्रश्न एकमेकांपासून वेगळे ठेवावे लागतात. लिहिलेला मजकूर तारीख म्हणून वाचता येतो का? वाचला तर तो दिवस कॅलेंडरात आहे का? असला तर त्या नोंदीच्या बाबतीत तो संभवतो का? आणि संभवत असला तरी तो खरा आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे यंत्र देते. तिसऱ्याचे उत्तर माणसाने घालून दिलेल्या नियमांवर ठरते. चौथ्याचे उत्तर डेटाबेसच्या बाहेरच शोधावे लागते. या चार पायऱ्यांची गल्लत झाली की काय होते, याची सर्वांत मोठी उदाहरणे अमेरिकेत सापडतात. संगणकावर सरकारी नोंदी ठेवण्याचे काम तिथे लवकर सुरू झाले आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसपैकी बरेचसे तिथेच घडले.

आधी महिना की आधी दिवस

भारतात आणि युरोपातल्या बहुतेक देशांत दिवस आधी लिहितात, अमेरिकेत महिना आधी. फरक साधा वाटतो, पण त्याचा हिशेब मांडला की धोक्याचा आकार दिसतो. दोन्ही रीतींनी वाचता येतील अशा तारखा वर्षात १२ गुणिले १२, म्हणजे १४४. त्यांपैकी १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च अशा १२ तारखा उलट वाचल्या तरी बदलत नाहीत. उरलेल्या १३२ तारखा उलट वाचल्या की गुपचूप दुसऱ्याच दिवशी जाऊन बसतात. वर्षातल्या बाकीच्या २२१ तारखांत दिवसाचा आकडा १३ किंवा त्याहून मोठा असतो. तो महिन्याच्या जागी आला की संगणक लगेच अडवतो, कारण पंधरावा महिना नसतो.

याचा अनुभव अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना आईवडिलांची कागदपत्रे भरताना येतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १५/०६/१९४८ असेल तर चूक फॉर्म भरतानाच पकडली जाते. दाखल्यावर ०५/०६/१९४८ असेल आणि ते आकडे तसेच्या तसे अमेरिकी फॉर्मवर उतरवले, तर ५ जूनचा जन्म ६ मेचा होतो आणि एकही तपासणी त्याला हरकत घेत नाही. पुढे विम्याच्या नोंदीत एक तारीख, पासपोर्टवर दुसरी, अशी तफावत निघाली की मगच ती लक्षात येते.

एकट्या नोंदीकडे पाहून ही शंका फिटत नाही, पण सबंध रकाना पाहिला तर बरेच कळते. हजारो नोंदींत पहिल्या जागेचा आकडा कधीच १२ च्या वर जात नसेल आणि दुसऱ्या जागेचा ३१ पर्यंत जात असेल, तर लिहिणाऱ्यांनी महिना आधी लिहिला आहे असे खात्रीने म्हणता येते. दोन्ही जागी १२ च्या वरचे आकडे दिसले, तर त्या रकान्यात दोन रीतींची भेसळ आहे. अशा वेळी संदिग्ध नोंदी बाजूला काढून मूळ कागद पाहण्यावाचून इलाज नसतो. हा गोंधळ टाळण्यासाठी १९८८ मध्ये आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यात आधी चार आकडी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठरवला आहे. पासपोर्टवर आणखी साधा उपाय केलेला दिसतो: अमेरिकेच्या पासपोर्टवर महिना अक्षरांत छापतात.

कॅलेंडरात नसलेले दिवस

दुसरी पायरी गणिताची आहे. चाराने भाग जाणारे वर्ष लीप, शतकाचे वर्ष मात्र चारशेने भाग गेला तरच लीप. त्यामुळे २००० साली २९ फेब्रुवारी होता, १९०० साली नव्हता. इतका सोपा नियमही प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये मोडलेला आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या लोटस कंपनीने १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या 'लोटस १-२-३' या स्प्रेडशीटने १९०० हे लीप वर्ष धरले. त्यातल्या फायली आपल्याकडे बिनघोर उघडाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने एक्सेलमध्ये ती चूक जाणूनबुजून जपली. आजही एक्सेलच्या मोजणीत साठावा दिवस २९ फेब्रुवारी १९०० हाच आहे.

इतिहासातल्या तारखांना हे गणितही पुरत नाही. ब्रिटन आणि त्याच्या अमेरिकी वसाहतींनी १७५२ मध्ये जुने ज्युलियन कॅलेंडर सोडून ग्रेगोरियन स्वीकारले, तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. मधले अकरा दिवस तिथे आलेच नाहीत. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या गणनेने ११ फेब्रुवारी १७३१ चा, नव्या गणनेने २२ फेब्रुवारी १७३२ चा. दिवसांबरोबर वर्षही बदलले, कारण जुन्या रीतीत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. दोन्ही तारखा ग्राह्य आहेत आणि दोन्ही एकाच दिवसाच्या आहेत.

अलास्काची कथा याहून गुंतागुंतीची. रशियाने हा प्रदेश अमेरिकेला विकला, तेव्हा तिथे ज्युलियन कॅलेंडर चालत होते आणि वारांची मोजणी आशियाच्या बाजूची होती. हस्तांतराच्या वेळी कॅलेंडर बारा दिवस पुढे गेले आणि वार एक दिवस मागे आला. त्यामुळे शुक्रवार ६ ऑक्टोबर १८६७ नंतर शुक्रवार १८ ऑक्टोबर आला. सिटका गावात ७ ते १७ ऑक्टोबर या तारखा उगवल्याच नाहीत. पंचांगातली क्षयतिथी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला गाळलेल्या दिवसाचे नवल वाटणार नाही. पण पंचांगाचा नियम दर वर्षी लागू होतो, अलास्कातली गाळणी एकदाच, एकाच प्रदेशात झाली. डेटाबेसच्या कॅलेंडरात अशी स्थानिक गाळणी नसते, म्हणून १० ऑक्टोबर १८६७ ही सिटकातली तारीख त्याला निर्दोष वाटते.

१७५२ च्या बदलाची एक खूण मात्र आजच्या सॉफ्टवेअरमध्ये शिल्लक आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधला 'डेटटाइम' हा जुना प्रकार १ जानेवारी १७५३ पासूनच सुरू होतो. हा डेटाबेस मुळात कॅलिफोर्नियातल्या सायबेस कंपनीच्या कामावर उभा आहे. कॅलेंडरबदलाचा गुंता नको म्हणून सीमा पुढच्या वर्षावर ठेवली गेली. २००८ मध्ये आलेला 'डेटटाइम२' हा प्रकार इसवी सन १ पासूनच्या तारखा घेतो. पोस्टग्रेसएसक्यूएल आणि ओरॅकल यांची मजल इसवी सनापूर्वी ४७०० वर्षांच्याही मागे जाते. म्हणजे १० सप्टेंबर १७५२ हा वसाहतींत न आलेला दिवस एका प्रकाराला सीमेबाहेरचा म्हणून अमान्य आहे, तर बाकीच्यांना मान्य.

यंत्राची तपासणी

डेटाबेसमध्ये तारीख दोन प्रकारे साठवली जाते. रकाना तारखेच्या प्रकाराचा असेल, तर अशक्य दिवस आत येतच नाही. पोस्टग्रेसएसक्यूएलला ३० फेब्रुवारी दिला की तो नोंद नाकारतो. खरी अडचण मजकुराच्या रकान्यांची. जुन्या प्रणालींतून आलेल्या नोंदींत तारखांच्या रांगेत 'माहीत नाही', '९९/९९/९९९९', नुसते वर्ष किंवा नुसती रिकामी जागा असे काहीही असते. हा मजकूर तारखेच्या प्रकारात बदलण्याची आज्ञा दिली, की पहिल्याच खराब नोंदीवर सबंध काम थांबते. ती नोंद कोणती, हे शोधण्यासाठीच तपासणीची साधने लागतात.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये यासाठी 'इजडेट' हे फंक्शन आहे. मजकूर तारीख म्हणून वाचता आला तर ते १ देते, नाही तर ०. वापरायला सोपे, पण त्याचे उत्तर परिस्थितीनुसार बदलते. '१३/०५/२०२०' हा मजकूर अमेरिकी मांडणीत दिला तर उत्तर ० येते. दिवस आधीची मांडणी असेल तर त्याच मजकुराला १. सर्व्हरची भाषा बदलली की तारखेची ग्राह्यताही बदलते.

शिवाय हे फंक्शन फार उदार आहे. चार आकडे दिसले की ते वर्ष समजून १ जानेवारी धरते. चिन्हांशिवाय लागून आलेले सहा आकडे दिसले की त्यांना वर्ष, महिना, दिवस अशा जोड्यांत वाचते. पुण्याच्या सदाशिव पेठेचा पिन कोड ४११०३० त्याच्यापुढे ठेवला, तर ती ३० ऑक्टोबर २०४१ ही ग्राह्य तारीख ठरते. दादरचा ४०००२८ मात्र नापास होतो, कारण शून्य हा महिना नाही. पत्ता आणि जन्मतारीख यांचे रकाने फाईल उतरवताना सरकले असतील, तर 'इजडेट'च्या भरवशावर राहणाऱ्याला पुण्याच्या बऱ्याच नोंदी बिनचूक दिसतील.

२०१२ पासून 'ट्राय कन्व्हर्ट' हा बरा मार्ग उपलब्ध झाला. तो मजकूर बदलून पाहतो, जमले तर तारीख देतो, नाही जमले तर काम न थांबवता रिकामे मूल्य देतो. त्याला मांडणीही सांगता येते: १०१ ही खूण दिली की अमेरिकी रीत, १०३ दिली की दिवस आधीची. ओरॅकलने 'व्हॅलिडेट कन्व्हर्जन' हे फंक्शन १२.२ या आवृत्तीत आणले, तर पोस्टग्रेसएसक्यूएलमध्ये तशी सोय २०२३ च्या सोळाव्या आवृत्तीत आली. घ्यायचा धडा एकच. मजकूर तारीख आहे का असे मोघम विचारण्याऐवजी अमुक मांडणीत ती तारीख आहे का असे विचारायचे.

सगळे डेटाबेस इतके कडक नसतात. मूळच्या स्वीडिश मायएसक्यूएलच्या जुन्या मांडणीत ३० फेब्रुवारी भरला, तर तो नुसता इशारा देऊन जागेवर ००००-००-०० ठेवून देई. २०१५ च्या ५.७ या आवृत्तीपासून कडक तपासणी हीच मूळ मांडणी झाली. अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये तयार केलेला आणि आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये असलेला एसक्यूलाइट तर तारखेसाठी वेगळा प्रकारच ठेवत नाही. त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांतल्या तारखेच्या फंक्शनला ३१ फेब्रुवारी २०२३ दिला, की ते निमूटपणे ३ मार्च सांगते. चूक पकडण्याऐवजी ती दुरुस्त करून देणारा डेटाबेस सोयीचा वाटतो, पण मूळ नोंद संशयास्पद होती हा पुरावाच त्यात पुसला जातो.

याच्या उलटही घडते: जे तारीख नाही त्याची तारीख होते. माणसाच्या काही जनुकांची नावे 'मार्च१', 'सेप्ट२' अशी होती. एक्सेलमध्ये ती भरली की त्यांच्या १ मार्च, २ सप्टेंबर अशा तारखा होत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या संशोधकांनी २००४ मध्येच हा धोका दाखवून दिला होता. तरीही चुका इतक्या पसरल्या की २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली. 'सेप्ट२'चे 'सेप्टिन२' झाले. तारखा ओळखण्यात यंत्राने उदारपणा दाखवला, की बिनतारखेच्या मजकुराची अशी हानी होते.

दोन आकड्यांचे वर्ष

पंचकार्डावर ऐंशी रकाने असत आणि प्रत्येक रकाना मोलाचा होता. १९५९ मध्ये कोबोल या प्रोग्रामिंग भाषेची आखणी सुरू झाली त्या काळात वर्षाचे पहिले दोन आकडे गाळणे ही शहाणी काटकसर होती. कार्डे गेली, चुंबकीय चकत्या आल्या, तरी सवय राहिली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिनेसोटा राज्यातल्या विनोना गावी एकशेचार वर्षांच्या एका आजींना बालवाडीत प्रवेश घेण्याचे पत्र आले. यंत्राने त्यांचे जन्मवर्ष '८८' असे वाचले होते. ते १८८८ होते, १९८८ नव्हे.

अशा नोंदी दुरुस्त करण्याच्या कामानेच मुंबई-पुण्यातल्या अनेक तरुणांना अमेरिकेची वाट दाखवली. अंधेरीच्या सीप्झमधल्या आणि पुण्यातल्या कंपन्यांत कोबोल येणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. अमेरिकेने १९९८ च्या कायद्याने एच-१बी व्हिसांची वार्षिक मर्यादा ६५ हजारांवरून १ लाख १५ हजारांवर नेली, त्यामागे या कामाचीही निकड होती. हे काम कंटाळवाणे असले तरी नाजूक होते. लाखो ओळींच्या प्रोग्राममध्ये तारीख कुठे लपली आहे ते शोधायचे, आणि एक तर रकाना चार आकडी करायचा किंवा दोन आकड्यांचा अर्थ लावण्याचा नियम घालून द्यायचा.

वेळ आणि पैसा वाचवण्यासाठी बऱ्याच ठिकाणी दुसरा मार्ग पत्करला गेला. एका ठरावीक आकड्याखालची वर्षे २००० नंतरची, वरची १९०० नंतरची, असे ठरवायचे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हा आकडा मुळात ४९ आहे. '४९' म्हणजे २०४९ आणि '५०' म्हणजे १९५०. कर्जाच्या परतफेडीच्या तारखेला हा नियम ठीक आहे, जन्मतारखेला घातक. १९४८ साली जन्मलेल्या आजोबांचे वर्ष '४८' असे आले, तर नियम त्यांना २०४८ मध्ये जन्माला घालतो. पेनसिल्व्हेनियातल्या सारा नॉस यांचा जन्म १८८० चा. ११९ वर्षांच्या होऊन ३० डिसेंबर १९९९ रोजी त्या वारल्या. अमेरिकेतल्या सर्वाधिक आयुष्याच्या या नोंदीत '८०' या दोन आकड्यांना कोणताही नियम बरोबर वाचू शकला नसता.

१ जानेवारी २००० रोजी मोठा अनर्थ झाला नाही. किरकोळ चुका मात्र निघाल्या. देशाची अधिकृत वेळ सांगणाऱ्या अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेच्या संकेतस्थळावर वर्ष १९१०० असे झळकले. वर्षाचा आकडा १०० झाल्यावरही त्याच्या आधी '१९' चिकटवणारी एक ओळ तपासणीतून सुटली होती.

संभव-असंभवाच्या सीमा

तिसऱ्या पायरीवर प्रश्न बदलतो. मृत्यू जन्माच्या आधी नसावा, नोकरीची सुरुवात भविष्यात नसावी, रुग्णालयातून सुटका दाखल होण्याच्या आधी नसावी. असे नियम डेटाबेसमध्ये अट म्हणून घालता येतात आणि ते मोडणारी नोंद तो नाकारतो. यात एक फट आहे. तारखेची जागा रिकामी असेल तर तुलनेचे उत्तर खरेही नसते, खोटेही नसते, आणि अनिश्चित उत्तराला अट अडवत नाही. रिकामी जागा चालणार नसेल, तर ते वेगळे सांगावे लागते.

सीमा कुठे आखायची हा निर्णय माणसाचा असतो आणि त्यात माणसाचे गैरसमजही उतरतात. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९६० च्या दशकात 'मम्प्स' ही भाषा तयार झाली. अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांच्या नोंदी आजही तिच्या वंशजांवर चालतात. तिच्यातला शून्यावा दिवस ३१ डिसेंबर १८४० हा आहे. तो ठरवणारे जेम्स पोईट्रास यांनी अमेरिकी यादवी युद्धातला एक सैनिक १२१ वर्षांचा असून हयात असल्याचे वाचले होते. कोणत्याही जिवंत रुग्णाची जन्मतारीख मोजणीत बसावी म्हणून त्यांनी सुरुवात इतकी मागे नेली. गंमत अशी, की त्या युद्धातला निर्विवाद पुरावा असलेला शेवटचा सैनिक, मिनेसोटातले अल्बर्ट वुलसन, १९५६ मध्येच वारले होते. नंतरचे दावे सिद्ध झाले नाहीत. सीमा उपयोगी ठरली, तिचे कारण कच्चे होते.

फार घट्ट सीमा खऱ्या नोंदीही बाहेर टाकते. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. त्या युद्धातल्या सैनिकाच्या नावे २०२० मध्ये निवृत्तिवेतन चालू असेल, तर कोणताही तपासनीस ती नोंद खोटी ठरवील. पण नॉर्थ कॅरोलायनातल्या आयरीन ट्रिपलेट यांना त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे ३१ मे २०२० पर्यंत, दरमहा ७३ डॉलर १३ सेंट मिळत होते. त्यांचे वडील १८४६ मध्ये जन्मले, युद्धात लढले आणि आयरीन जन्मल्या तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. म्हणून असंभव नोंद आणि दुर्मीळ नोंद यांना एकच वागणूक देता येत नाही. पहिली नाकारायची, दुसरी माणसाकडे पाठवायची.

काही तारखा प्रत्येक नियम पाळतात, पण घाऊक संख्येने येतात. महाराष्ट्रात जुन्या पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जून आहे. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना गुरुजी जूनमधली पहिली तारीख लिहून मोकळे होत. अमेरिकेत निर्वासित म्हणून आलेल्या अफगाण, सुदानी आणि इतर लोकांच्या कागदांवर तशीच १ जानेवारी दिसते. एका तारखेवर नोंदींचा असा ढीग दिसला, की तिथे जन्मतारखांच्या जागी सोयीच्या तारखा आहेत हे ओळखावे. सोयीची तारीख परिणामावाचून राहत नाही. सोशल सिक्युरिटी या अमेरिकेच्या सरकारी पेन्शन योजनेच्या नियमानुसार महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेल्या व्यक्तीचे वय आदल्या महिन्यातच पूर्ण झाले असे धरतात. गुरुजींनी लिहिलेल्या १ जूनमुळे अमेरिकेत निवृत्त होणाऱ्या मराठी माणसाच्या पेन्शनचा हिशेब मे महिन्यापासून होतो. १ जानेवारीवाल्यांचे तर वर्षच मागचे धरले जाते.

खरी आहे का

शेवटच्या पायरीचे सर्वांत बोलके उदाहरण सोशल सिक्युरिटी प्रशासनाची 'न्यूमिडेंट' ही मूळ नोंदवही आहे. सोशल सिक्युरिटीचा कायदा १९३५ चा, क्रमांक देण्यास सुरुवात नोव्हेंबर १९३६ मध्ये. क्रमांक घेतलेल्या प्रत्येकाचे नाव, जन्मतारीख आणि मृत्यू कळला असल्यास त्याची तारीख तीत असते. सुरुवातीची कित्येक दशके अर्जदाराने सांगितलेली जन्मतारीख पुराव्याशिवाय मान्य होई. मृत्यूची बातमी संगणकपूर्व काळात कार्यालयापर्यंत पोचतेच असेही नव्हते.

या प्रशासनाच्या महानिरीक्षकांनी २०१५ मध्ये तपासणी केली, तेव्हा ११२ वर्षे किंवा अधिक वयाच्या ६५ लाख क्रमांकधारकांपुढे मृत्यूची नोंद नव्हती. त्या वयाची माणसे जगात काही डझनच असतात. २०२३ च्या अहवालात १९२० किंवा त्याआधी जन्मलेल्या आणि मृत्यूची नोंद नसलेल्या क्रमांकांची संख्या १ कोटी ८९ लाख निघाली. जनगणना विभागाच्या अंदाजाने शंभरी गाठलेले लोक देशात सुमारे ८६ हजार होते. अडचण जन्मतारीख कॅलेंडरात बसण्याची नव्हती. गाळलेली होती ती दुसरी तारीख.

आकडे मोठे असले तरी पैसे त्या प्रमाणात जात नव्हते. १ कोटी ८९ लाखांपैकी सुमारे ४४ हजारांनाच देयके चालू होती. ९८ टक्के क्रमांकांवर देयक नव्हते आणि गेल्या पन्नास वर्षांत मिळकतीची नोंदही नव्हती. ११५ वर्षांहून अधिक वयाच्या व्यक्तीचे देयक २०१५ पासून आपोआप थांबते. दुरुस्तीला ५५ ते ९७ लाख डॉलर लागतील असा अंदाज करून प्रशासनाने ती टाळली. मात्र जुने क्रमांक निरुपद्रवी नव्हते. २०१५ च्या अहवालानुसार २००६ ते २०११ या काळात अशा सुमारे ६७ हजार क्रमांकांवर ३१० कोटी डॉलरची मिळकत दाखवली गेली होती. दुसऱ्याचा क्रमांक वापरून नोकरी करणाऱ्यांना मृत्यूची गाळलेली तारीख उपयोगी पडत होती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये इलॉन मस्क यांनी याच नोंदींतले वयाचे कोष्टक दाखवून दीडशे वर्षांच्या लोकांना पैसे जात असल्याचा दावा केला. त्यावर लगेच एक स्पष्टीकरण पसरले, की कोबोलमध्ये तारीख रिकामी असली की ती २० मे १८७५ धरली जाते. तेही टिकणारे नव्हते. कोबोलमध्ये तारखेचा असा मूळ प्रकार नाही, आणि त्यातली दिवस मोजण्याची फंक्शने १ जानेवारी १६०१ पासून मोजतात. खरे कारण महानिरीक्षकांच्या अहवालांत आधीच छापलेले होते. वय मोजताना नोंदीत मृत्यूची तारीख नसणे आणि माणूस हयात असणे यांना एकच धरले गेले होते.

उलट दिशेची चूक व्यक्तीला जास्त जाचक ठरते. प्रशासनाकडे दरवर्षी तीस लाखांहून अधिक मृत्यूंची खबर येते. तिच्यातल्या एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी नोंदी चुकीच्या असतात. प्रमाण नगण्य वाटते, पण तेवढ्यातही दरवर्षी हजारो जिवंत माणसांपुढे मृत्यूची ग्राह्य तारीख पडू शकते. त्यांचे पेन्शन थांबते, बँक खाते गोठते, आणि जिवंत असल्याचा पुरावा घेऊन त्यांना कार्यालयात जावे लागते.

कामाची रीत

या सगळ्यातून तारखा तपासण्याचा एक क्रम ठरतो. मूळ मजकुराचा रकाना जसाच्या तसा जपावा आणि वाचलेली तारीख शेजारी नव्या रकान्यात ठेवावी, म्हणजे यंत्राची प्रत्येक दुरुस्ती उलटतपासता येते. वाचताना मांडणी स्पष्ट सांगावी. सर्व्हरच्या भाषेवर सोडू नये. न वाचता आलेल्या नोंदींची गटवारी करावी, कारण 'माहीत नाही', रिकामी जागा आणि ३० फेब्रुवारी यांची कारणे वेगळी असतात आणि उपायही वेगळे.

नंतर सीमा लावाव्यात आणि सीमेबाहेरच्या नोंदी पुसण्याऐवजी वेगळ्या काढाव्यात. १ जानेवारी, १ जून, १ जानेवारी १९००, ३१ डिसेंबर ९९९९ अशा तारखांवर किती नोंदी आहेत ते मोजावे. फक्त वर्ष माहीत असेल, तर त्याला खोटा दिवस-महिना न जोडता ते वर्ष म्हणूनच ठेवावे, किंवा तारीख अंदाजी आहे अशी खूण शेजारी करावी. उरलेल्या शंका जन्मदाखला, शाळेचा दाखला, मृत्यूची नोंद यांच्याशी ताडून पाहाव्यात. या शेवटच्या कामाला फंक्शन नाही. ते किती नोंदींसाठी करायचे, हे त्या तारखेवर काय अवलंबून आहे त्यावरून ठरवावे. ग्राहकाला वाढदिवसाची शुभेच्छा पाठवायची असेल तर थोडी चूक चालते. पेन्शन, औषधाची मात्रा किंवा नागरिकत्व त्या तारखेवर ठरत असेल, तर एका नोंदीसाठीही मूळ कागद काढावा लागतो.